एकास सातशे

डब्यात अर्धंच जहाज येतं.
पाण्याच्या रेषेवरचं तेवढं.
खालचं समुद्रानं झाकलंय असं धरून चालायचं,
हे कारखान्याचं म्हणणं. मला ते पटतं.
चाळीस वर्षं मी लोकांचे दात केले,
हिरडीखालचं कुणी विचारलं नाही.

मायझुरूत हिवाळ्यात चारलाच दिवा लागतो.
नागातानीच्या दुकानातून आणलेली विनाशिका
करड्या चौकटींना लटकून आहे,
सव्वाशे तुकडे, प्रत्येकाच्या शेजारी आकडा.
कापायचं, घासायचं, कोरडं जुळवून बघायचं,
मगच गोंद, तोही ब्रशच्या टोकाला
लागला न लागला इतका.

रंगाचं भांडण जुनं आहे.
कुरेचा करडा वेगळा, सासेबोचा वेगळा,
आमच्या गोदीचा त्याहून वेगळा,
बाटलीवर गावाचं नाव छापलेलं.
नागातानी म्हणतो, यात निळसर झाक हवी.
मी म्हणतो, तू बघायला गेला होतास?
फोटो सगळे काळेपांढरे. त्यांत सगळंच करडं,
जहाज, समुद्र,
टोप्या काढून ओळीनं उभी राहिलेली पोरं.

काल चिमट्यातून नांगर उडाला.
टिक् असं वाजलं, आणि गेला.
मी गुडघ्यांवर, टॉर्च जमिनीला टेकवून,
तातामीच्या काठाकाठानं तासभर.
मिळालं काय, तर एक तांदूळ,
नेढं तुटलेली सुई,
आणि माझ्याच हातची एक दाढ, कुणाची कोण जाणे.

आई शहाण्णव वर्षांची. या टेबलाशी सहसा येत नाही.
आज आली, भिंग माझ्या हातातून काढूनच घेतलं.
"स्वयंपाकघर कुठाय?"
मी तोफा दाखवल्या. टॉर्पेडोच्या नळ्या दाखवल्या.
"ते नको. शिगेझो भात कुठं शिजवायचा?"

शिगेझोमामा.
घरात त्याचा फोटो आहे, नाव क्वचित.
तो आचारी होता हे मला साठीनंतर कळलं.
दोनशे माणसांचा भात, तीन वेळा,
डोलणाऱ्या चुलीवर.
आणि मी आजवर डोळ्यांत तेल घालून
तोफांच्या नळ्यांना भोकं पाडत बसलो.

नकाशे काढले.
मधल्या खोलीत, पुढच्या धुराड्याच्या मागं, चूल होती.
तिचं वेगळं धुराडं, मनगटाएवढं.
तो तुकडा डब्यात नाही.
मग चौकटीची उरलेली काडी मेणबत्तीवर धरली,
मऊ पडली तशी दोन्ही हातांनी ओढली,
केसासारखी तार निघाली.
तिचा दीड मिलिमीटर कापला.
श्वास रोखून ठेवला जागेवर,
दोनदा पडला, तिसऱ्यांदा राहिला.

या मापात माणूस तिळाएवढा.
माणसं डब्यात येत नाहीत.
वेगळी मिळतात, पितळेची, पातळ,
बाजूनं बघितलं तर नाहीशी होणारी.

आईनं भिंगातून बघितलं, बराच वेळ.
"दिसत नाही," म्हणाली. "पण लावलंस ना?"
लावलं.
मग तिनं जहाजच उचललं.
डेकचा रंग ओला होता, मी ओरडणार होतो.
तिनं ते उलटं केलं. खाली सपाट.
कंपनीचं नाव, एक आकडा.
"बाकीचं?"
"ते पाण्याखाली असतं, आई."
"हं."
आणि अंगठा त्या सपाटीवरून फिरवत राहिली,
बाजारात मासा ताजा आहे का बघते तसा.

आता रात्र आहे, ती झोपलीय.
डेकच्या तपकिरी रंगात तिचं बोट उमटलंय,
बारीक रेघारेघांचं,
पुढच्या तोफेपासून जवळजवळ धुराड्यापर्यंत.
माझ्या मापानं मोजलं तर
हा अंगठा बारा-चौदा मीटर लांबीचा.
चुलीचं धुराडं शाबूत आहे की नाही
ते भिंगानं बघायचं धाडस होत नाही.

दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर आहे माझ्याकडे.
नागातानी म्हणेल, घासून टाक.
उद्या बघू.
नांगरही सापडायचाय अजून.